बारा ग्लास आणि एक नळ

नोकरीच्या पहिल्या दिवशी माणसाला काय दाखवतात? बसायची जागा दाखवतात, कॉम्प्युटर देतात, फार तर कँटीन कुठं आहे ते सांगतात. मला आमच्या सरांनी पाण्याच्या नळाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "मोज."

"काय मोजू, सर?"

"समोर काय दिसायलंय?"

समोर लाकडी मांडणी होती. तिच्यात बारा गोल खाचा, आणि प्रत्येक खाचेत स्टीलचा एकेक ग्लास. मी मोजले, बारा भरले. "आता माणसं मोज." मी हॉलभर नजर फिरवली. साठेक माणसं होती.

"साठ माणसं, बारा ग्लास, एक नळ," सर म्हणाले. "घ्यायचा, प्यायचा, साबण लावून धुवायचा, जागेवर ठेवायचा. घरून बाटली आणायची नक्को, कप आणायचा नक्को. आठवडाभर एवढंच शीक. डेटाबेस मग बघू."

आणि गेले निघून! मी एमसीएला पहिल्या वर्गात पास झालेली, हैदराबादच्या मलकपेठेतून नवा ड्रेस घालून पार दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीपर्यंत आलेली, आणि हा माणूस मला पाणी प्यायला शिकवायलाय. मनात म्हटलं, कुठल्या येड्यांच्या बाजारात येऊन पडले मी.

दुपारी आईचा फोन आला. "हौ माय, खाल्ला डबा," एवढंच मी बोलले असेन, तर मागून आवाज, "मराठी का गं तू?"

"हौ, सर."

"मग तुला जास्त बोलणी बसतील. आपल्या माणसाला बोलायला शब्द शोधावे लागत नाहीत."

त्यांनी शब्द पाळला हो. इतरांना एक बोलले तर मला चार.

सर राहायचे दिलसुखनगरला. आजोबा निजामाचं संस्थान असतानाच मराठवाड्यातली शेती सोडून शहरात आलेले, त्यामुळं सरांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्ये दखनी उर्दूत वळायचं आणि तेलुगूत संपायचं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात घडी घातलेले कागद, आणि खुर्चीत बसले की चपला टेबलाखाली. अनवाणीच काम करायचे. मोठमोठे लोक भेटायला आले तरी तसेच उठून जायचे.

आमची कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. चार ॲप्लिकेशन आहेत. एकात रक्तदात्यांची नोंद होते, एकात पिशव्यांचा साठा दिसतो, एकात दवाखान्यांच्या मागण्या येतात, आणि चौथं अहवालांचं. चारींचा डेटाबेस एकच, आणि तो सरांच्या ताब्यात. आता ॲप्लिकेशनला डेटाबेसशी बोलायचं तर मध्ये कनेक्शन लागतं. दर वेळी नवं कनेक्शन जोडत बसलं तर त्यातच वेळ जातो. म्हणून थोडी कनेक्शनं आधीच जोडून ठेवतात. ज्याला लागेल त्यानं एक उचलायचं, आपलं काम करायचं आणि परत ठेवायचं. ह्या साठ्याला इंग्लिशमध्ये 'पूल' म्हणतात. आमच्या चारी ॲप्लिकेशनना मिळून एकच पूल होता आणि त्यात कनेक्शनं होती तीस. दिवसभरात हजारो माणसं यायची, आणि सगळ्यांचं काम त्या तिसात भागायचं.

तो तीसचा आकडा ज्या फाइलमध्ये होता तिथं वर सरांनी मराठीत एक ओळ लिहून ठेवली होती. 'हा आकडा बदलायचा असेल तर आधी माझ्याशी बोला. मी नसेन तर आधी मोजा.' आमच्या तेलुगू पोरांनी तिचं नाव 'मंत्रम्' ठेवलं होतं. मी आल्यावर मला बोलावून ती वाचून घेतली त्यांनी. मी आपली अक्षर अक्षर जुळवत वाचली, कारण माझी शाळा इंग्लिश मीडियमची. घरात मराठी बोलते घडाघडा, वाचायचं म्हटलं की घाम फुटतो. सर मागे उभे राहून ऐकत होते. माझ्या कोडवर जेवढे चिडले नाहीत कधी, तेवढे त्या वाचण्यावर चिडले. मग महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मला त्यांच्या फाइलींतल्या मराठी टिपा मोठ्यानं वाचाव्या लागल्या. भाजीचा घास घशात आणि पुढ्यात सरांच्या टिपा!

आणि ग्लासांचा आणखी एक कायदा होता. कुणी ग्लास टेबलाशी घेऊन गेलं आणि विसरलं, की मांडणीत एक खाच रिकामी दिसायची. सर नळाशी उभे राहून फक्त म्हणायचे, "एक कमी हाय." मग ज्याच्याकडं असेल त्यानं उभं राहून मोठ्यानं सांगायचं, "माझ्याकडं आहे!" बस. सांगितलं की संपलं. कुणी हसायचं नाही, कुणी बोलायचं नाही. आमच्या कंपनीचे मालक स्वतः एकदा केबिनचं दार उघडून ओरडले होते. साठ माणसांत आम्ही मराठी तिघं-चौघं, बाकी तेलुगू, उर्दूवाले, दोन ओडिया. पण ते एक मराठी वाक्य सगळ्यांना यायचं. नवीन माणूस 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या आधी 'माझ्याकडं आहे' शिकायचा.

मी एकदा विचारलं, "सर, रागवत का नाही तुम्ही? बाकी तर सारखे रागावता."

"आपल्याकडं ग्लासावरून रागवत नाहीत," ते म्हणाले. "रागावलं की लोक लपवतात. एकानं लपवला की मग बाराचे अकरा, अकराचे दहा. आखिर में सगळे तहानलेले, आणि लपवणारा पण."

सकाळी आम्ही बहुतेक एकाच मेट्रोत असायचो. ते दिलसुखनगरला चढायचे, मी मलकपेठला. त्यांना बसायला जागा मिळालेली असायची. पण अमीरपेठ आलं की हा माणूस उठून उभा! गुडघा दुखतोय, वय झालंय, तरी उठायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला म्हणायचे, "बैठो." समोरचा कॉलेजचा धडधाकट पोरगा असला तरी. "सर, बसा की, कुकटपल्लीपर्यंत कायकू उभं राहायचं?" असं मी म्हणाले तर म्हणाले, "अर्धा रस्ता माझा झाला." आमच्यातल्या एकीच्या लग्नात तर ह्यांनी कमालच केली. जेवणाच्या हॉलमध्ये गर्दी झाली, मुलीचे वडील आणखी खुर्च्या मागवायला धावले, तर सरांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. "खुर्च्या पुष्कळ हैत. लोक पान खाऊन तिथंच गप्पा हाणायलेत, त्यांना उठवा." आणि स्वतःच टाळ्या वाजवत पंगतीतून फिरले. मी लाजेनं खांबाआड झाले होते. पण अर्ध्या तासात सगळे जेवले, हे खरं.

मग नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पण त्याला सगळं भरपूर लागायचं. बारा ग्लास बघून त्याला लाज वाटली. त्यानं कंपनीचं नाव छापलेले साठ कप मागवले, माणशी एक.  पंधरवड्यात काय झालं ते ऐका. टेबलाटेबलावर तळाशी कॉफी वाळलेले कप. एकात बुरशी आली. बेसिन उष्ट्या कपांनी भरलेलं, धुवायला कुणी तयार नाही, कारण दुसऱ्याचा कप आपण का धुवायचा? आणि जेवणाच्या वेळी साठजण साठ कप घेऊन नळापुढं, रांग लिफ्टपर्यंत. मॅनेजर डोकं धरून उभा. सर शांतपणे त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "सार, कप वाढवले तुम्ही. नळ एकच है." कप खोक्यात गेले. मांडणीवर बारा ग्लास परत आले.

पण मॅनेजर तो घाव विसरला नाही. आणि त्याला संधी दिली ती मी.

माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते. बाबा निवृत्त झालेले, धाकटी बहीण शिकत होती, आणि आमच्या सगळ्या भावकीत कॉम्प्युटरवर काम करणारी पहिली पोरगी मी. आई सगळ्या मलकपेठला सांगत सुटली होती की पोरगी कायम होणार. त्या दिवसांत अहवालांच्या ॲप्लिकेशनमध्ये माझी एक नवी स्क्रीन सुरू झाली. आणि दोनच दिवसांत दुपार झाली की चारी ॲप्लिकेशनं गपगार. स्क्रीनवर चक्र नुसतं फिरत राहायचं. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं की ठीक, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

मॅनेजर म्हणाला, "तीस कनेक्शनं पुरत नाहीत, तीनशे करा."

सर म्हणाले, "तीस पुरतात. कुणीतरी घेऊन बसलंय. शोधू द्या."

"किती दिवस शोधणार?" असं म्हणून मॅनेजरनं बुधवारी वरून परवानगी आणली आणि तीनशे केली. बघा हं, आधी अहवालांची जड कामं आपली पाळी येईपर्यंत थांबायची. आता सगळी एकदम डेटाबेसवर तुटून पडली. तास-दीड तास काहीच चालेना. रक्तपेढ्यांतले लोक फ्रीज उघडून पिशव्यांवरची लेबलं वाचून फोनवर सांगत होते, कागदावर लिहीत होते.  संध्याकाळी सरांनी आकडा गुपचूप तीसवर आणला आणि एक कलम वाढवलं. एका मिनिटापेक्षा जास्त वेळ कुणी कनेक्शन धरून बसलं तर ते हिसकावून परत घ्यायचं, आणि कुणी धरलं होतं त्याची नोंद ठेवायची. गुरुवारपासून एकदाही अडलं नाही.

पण मॅनेजरनं मेल लिहून टाकली होती. सोमवारी आमच्याकडच्या सगळ्यांत मोठ्या रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टर मॅडम येणार, आणि डेटाबेस सरांकडून काढून बाहेरच्या लोकांना द्यायचा का ते त्या दिवशी ठरणार. सरांना निवृत्तीला वर्ष राहिलेलं. डेटाबेस गेला की त्यांचं काम गेलं, आणि सगळी हयात ज्या कामात घालवली त्यात शेवटी 'ह्यांना जमलं नाही' असा शेरा.

शुक्रवारी मला सापडलं. माझ्याच स्क्रीनमध्ये. 'पासून'ची तारीख 'पर्यंत'च्या नंतरची टाकली की चूक व्हायची आणि माझा प्रोग्राम तिथूनच बाहेर पडायचा. कनेक्शन परत ठेवायची ओळ त्याच्या खाली होती, तिथवर तो पोचायचाच नाही. एक उलटी तारीख, की एक कनेक्शन गेलं. सकाळभरात तीस गेली की दुपारी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.  मी पाच मिनिटांत ते दुरुस्त केलं आणि सांगितलं कुणालाच नाही. खरं सांगते, भ्याले मी. म्हटलं, पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस जाऊ देत.

शनिवार-रविवार मी घरात जेवले नाही धड. सोमवारी मेट्रोत सर भेटले. म्हटलं, आता विचारतील. काही नाही! अमीरपेठला उठले, एका बाईला "बैठो, अम्मा" म्हणाले आणि माझ्याशेजारी दांडी धरून उभे राहिले. "चहरा का असा उतरलाय? डबा खात जा नीट," एवढंच बोलले. मला त्यांच्याकडं बघवेना.

मीटिंगला हॉलमध्येच सगळे जमले होते. सर अनवाणी. डॉक्टर मॅडम पुढच्या खुर्चीत, चष्म्यातून एकेकाकडं बघत. मॅनेजरनं इंग्लिशमध्ये तक्ते दाखवले, आणि जुनी पद्धत, आडमुठेपणा वगैरे बोलून घेतलं. मग मॅडमनी सरांना तेलुगूत विचारलं, "नेमकं काय झालं होतं?"

"कनेक्शन एका ठिकाणी अडकायचं, मॅडम. गुरुवारपासून हिसकावून घेत होतो. शुक्रवारी दुपारपासून हिसकावायची पाळी आली नाही. आपलं आपण परत यायलंय."

"कुणाकडं अडकत होतं?"

"ते ज्याचं त्यानं सांगायचं," सर म्हणाले. शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद होता. त्याच्यावर हात ठेवला फक्त.

मॅनेजर हसला. "सांगता येत नाही, म्हणजे माहीतच नाही."

आणि सरांनी ऐकून घेतलं हो! जो माणूस चमच्याचा आवाज केला तर ओरडायचा, त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मला कळलं, ह्यांना माहीत आहे. गुरुवारपासून माहीत आहे. त्या कागदावर माझ्या स्क्रीनचं नाव आहे, आणि हा माणूस स्वतःचं नाव घालवील पण तो कागद काढणार नाही.

 मी उठले. साठ माणसं, मालक, मॅनेजर, मॅडम, आणि मीटिंग सगळी इंग्लिश-तेलुगूत चाललेली. माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"माझ्याकडं होतं, सर."

हॉलमध्ये भाषांतर करायची गरज कुणालाच पडली नाही. फक्त मॅडमना. शेजारच्या पोरानं त्यांना कानात सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "हिचं तर प्रोबेशन..." तेवढ्यात सर ताडकन उठले. "सार, आपल्याकडं ह्याच्यावरून रागवत नाहीत." इतक्या चढ्या आवाजात म्हणाले की खाली तळमजल्यावर गेला असेल.

मॅडमनी मला पुढं बोलावलं. "काय गं, दुरुस्त केलंस?" केलं, म्हटलं. "दाखव." मी फळ्यावर काढून दाखवलं, उलटी तारीख, बाहेर पडायची वाट, आणि परत ठेवायची ओळ आता कुठं हलवली ते.   मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडं वॉर्डात नेलेली पिशवी लागली नाही तर वेळेत परत यायला हवी. येत नाही. नंतर विचारलं तर सगळे म्हणतात, आम्ही नेलीच नव्हती. तुमच्याकडं असं उठून सांगायला कुणी शिकवलं?"

साठच्या साठ माना सरांकडं वळल्या. सर टेबलाखाली चपला शोधत होते.

डेटाबेस सरांकडंच राहिला, तीसचा आकडाही राहिला. माझं प्रोबेशन मात्र तीन महिने वाढलं. आईनं मलकपेठला काय सांगितलं असेल ते असो. मी घरी सगळं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "तीन महिने उशिरा कायम हो, पण अशी हो." मी त्या रात्री पोटभर जेवले.

गेल्या एप्रिलमध्ये सर निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. जाताना मला म्हणाले, "ओळ वाचता येते ना आता?" मी घडाघडा म्हणून दाखवली.

आणि दुसऱ्या दिवशी मांडणीत अकरा ग्लास! आता 'एक कमी हाय' म्हणायचं काम माझ्याकडं आलेलं. मी नळाशी उभी राहून म्हणाले. कुणी उठेना. रोज म्हणायची, रोज सगळे एकमेकांकडं बघायचे. आठवडा गेला, दहा दिवस गेले. मला वाटलं, सर गेले आणि लोक लपवायला लागले. इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

अकराव्या दिवशी, ऐन उन्हात, बाराच्या सुमाराला दार उघडलं. डोक्यावर ओला रुमाल, खांद्याला डब्याची पिशवी. सर! आत आले, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि हात वर करून ओरडले, "माझ्याकडं आहे!"

हातात ग्लास.

"त्या दिवशी शाल-बिल घेताना डब्याच्या पिशवीत गेला वाटतं. पिशवी खुंटीला, कोण बघतंय? आज बायकोनं धुवायला काढली..." कान लाल झाले होते त्यांचे. दिलसुखनगरपासून एका ग्लासासाठी, दुखरा गुडघा घेऊन! सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण बोलायचं आता मला होतं.

"सर," मी म्हणाले, "आपल्याकडं रागवत नाहीत. धुऊन ठेवा."

त्यांनी साबण लावून धुतला, भरून प्यायले, पुन्हा धुतला आणि बाराव्या खाचेत ठेवला. मग हात पुसत माझ्या टेबलाशी आले. "तीसच आहेत ना?"

"अठ्ठावीस केलीत, सर."

 माझ्याशेजारचा खुर्चीसकट मागे सरकला.

"कुणाला विचारून?"

"तुम्ही नव्हता. मोजलं." मी कागद पुढं केले. कुठल्या वेळी किती कनेक्शनं बाहेर असतात, किती जण थांबतात, किती वेळ, सगळं तीन आठवड्यांचं. तुम्ही असतानाच मोजायला लागले होते, हेही सांगितलं. सर माझ्या खुर्चीत बसले, चपला काढल्या आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. एका ठिकाणी थांबले, पुन्हा मागे गेले, पुन्हा वाचलं. 

"अठ्ठावीसच बरोबर हैत," ते म्हणाले. मग स्क्रीनकडं बोट केलं. "ती वरची ओळ आता माझी नाही. 'माझ्याशी बोला' म्हणजे कुणाशी, ते कळायला नको का लोकांना? खाली तुझं नाव टाक."

मी कीबोर्ड मराठीवर घेतला आणि त्या ओळीखाली माझं नाव लिहिलं. एक मात्रा राहिली होती, ती त्यांनीच वाकून घातली.